भुकेचं पंचांग

महाराष्ट्रातल्या गरिबाची भूक मोठी संस्कारी आहे. मुहूर्त पाहिल्याशिवाय ती लागत नाही. साहेबांचा वाढदिवस, हनुमान जयंतीचा भंडारा, पितृपक्ष आणि आचारसंहितेच्या आधीचा पंधरवडा, या काळात तिला ऊत येतो. एरवीच्या बुधवारी ती कुठे जाते, ते कोणालाच ठाऊक नाही.

सरकारनं हे पंचांग नीट वाचलंय. २०२२च्या दिवाळीत १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला: रवा, चणाडाळ, साखर किलो-किलोभर आणि लिटरभर पामतेल. पिशवीवर नेत्यांचे हसरे चेहरे होते, त्यामुळे आनंद कोणाला झाला हे वेगळं विचारायला नको. पुढे गुढीपाडव्याला आला, गणपतीलाही आला. २०२५च्या गणपतीत मात्र शिधा आला नाही. तिजोरीला उपास होता.

शिवभोजनानं मुहूर्ताला घड्याळाची जोड दिली. २६ जानेवारी २०२० रोजी थाळी सुरू झाली: १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, वेळ दुपारी १२ ते २. पोटं भरली, हे कबूल. रात्री भूक लागणाऱ्यानं फक्त दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत शिस्त पाळायची.

शाळेतल्या पोरांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं २०२३मध्ये ठरलं. जानेवारी २०२५मध्ये सरकारनं त्याचे पैसे बंद केले आणि शाळांना सांगितलं, लोकसहभागातून भागवा. आता गुरुजी पाढे थांबवून वर्गणीला निघणार. आणि जत्रेला बोकडामागून बोकड पाडणारं गाव अंड्याचं नाव काढलं की म्हणणार, ‘बघू.’

राहिला रोजचा घास. त्याला २०१३चा अन्न सुरक्षा कायदा आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य. हे दान नव्हे, हक्क आहे; म्हणून त्याला फ्लेक्स लागत नाही, अंगठा लागतो. जन्मभर लोकांची भांडी घासलेल्या आजीच्या बोटावर रेषाच उरलेल्या नाहीत. ‘आजी, थंब येत नाही, उद्या या.’ उद्या सर्व्हर येत नाही.

पुण्य कमवायला निघालेल्यांनी एवढं करावं. भंडाऱ्याला बुंदीची एक कढई कमी चढवावी आणि त्या पैशांत जवळच्या झेडपी शाळेतल्या पोरांसाठी अंडी घ्यावीत. आजीबरोबर रेशन दुकानात जावं. तिथे नाही जमलं, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत धान्य मिळेस्तोवर तिच्या शेजारी उभं राहावं. साहेबांनाही सोबत न्यावं, त्यांचा आवाज चांगला लागतो.

अडचण एकच आहे. ना जयंती, ना वाढदिवस, अशा दिवशी अंडी वाटायची तर फ्लेक्सवर लिहायचं काय? ‘आज पोरांना भूक लागली होती’ एवढ्याच मजकुराची ऑर्डर आमच्या फ्लेक्सवाल्याकडे आजवर आलेली नाही.