घटकाभर

गेल्या दिवाळीत सुनेने माझ्या फोनमध्ये शांती घालून दिली. म्हणजे शांतीचं ॲप. "आई, रात्री झोप लागत नाही म्हणता आणि दोन वाजेपर्यंत व्हॉट्सॲपवर असता. रोज दहा मिनिटं हे करत जा." चकल्यांचा घाणा एकीकडे आणि हे एकीकडे. त्या ॲपने माझं वय विचारलं, झोप विचारली, कशाकशाची चिंता वाटते ते विचारलं. दिलेल्या पर्यायांत 'चकल्या मऊ पडणे' नव्हतं, म्हणून मी 'भविष्य' निवडलं.

पहिले काही दिवस मजेत गेले. एक बाई मधाळ हिंदीत सांगायची, श्वास आत घ्या. मग ती इतका वेळ थांबायची, की तिची सोडायची परवानगी येईपर्यंत माझा श्वास केव्हाच निघून गेलेला असायचा. पण ते चालवून घेतलं. घोटाळा केला तो आकड्याने. रोज बसलं की पडद्यावर एक ज्योत पेटायची आणि आपण सलग किती दिवस शांत आहोत ते दिसायचं. तीन, चार, सात, अकरा. बाराव्या दिवशी नणंदेच्या नातवाचा साखरपुडा होता, नाशिकला. सगळं आटोपून हॉलमध्ये गाद्या पडल्या, दिवे मालवले आणि रात्री पावणेबाराला मला आठवलं की आज आपण शांत बसलोच नाही. धडधडत उठले. जागा एकच मोकळी होती. बाथरूममध्ये बादली पालथी घालून त्यावर बसले, आवाज बारीक केला. श्वास आत घ्या. दारावर टकटक. "अगं, पोट बिघडलंय का? ओवा देऊ?" हे बाहेर उभे. श्वास सोडा.

ज्योत वाचली. पण सकाळी नाश्त्याला नणंदेने मला उप्पीट न देता मऊ भात वाढला. त्यानंतर त्या ॲपचं आणि माझं फारसं जमलं नाही. हे मात्र अजून ते लावतात. त्यांना तिसऱ्या श्वासाला घोरणं लागतं, त्यामुळे चार महिने त्यांची ज्योत अखंड आहे.

त्याच सुमारास वाईचा आमचा वाडा बिल्डरकडे गेला. माळे रिकामे करताना भावाचा फोन आला, "ताई, तुला काय हवंय?" मी म्हटलं, काही नको, ठेवायला जागा नाही. बहिणी जे म्हणतात त्याचा अर्थ उलट असतो असं त्याने धरलं आणि एक खोकं पाठवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तांब्याची वाटी, हिरवी पडलेली, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. सुनेने ती तुळशीच्या रोपासाठी बाजूला काढली. पाणी आपोआप निथळेल म्हणाली. मीही हो म्हणणार होते. मग वाटी हातात घेऊन भोक उजेडाला धरलं आणि एकदम भावाची मुंज समोर आली.

ते घटिकापात्र होतं. आमचे चुलत आजोबा भिक्षुकी करायचे, त्यांचं. घंगाळात पाणी भरून ही वाटी वर तरंगत सोडायची. बुडातल्या भोकातून पाणी आत चढत जातं आणि वाटी बुडाली की एक घटका झाली. अशा साठ घटका म्हणजे दिवस आणि रात्र. मुहूर्त घटका-पळांत काढलेला असायचा, त्यामुळे घंगाळापाशी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. त्या मुंजीत मला बसवलं होतं. मी दहा-अकरा वर्षांची. बाकी पोरं मांडवात जिलब्या पळवत होती आणि मी वाटीकडे बघत होते. बुडाली तशी "बुडाली!" म्हणून अशी किंचाळले, की शेजारच्या आळीतली एक म्हातारी विहिरीकडे धावली.

घटका म्हणजे चोवीस मिनिटं. हे मला शाळेत पाठ होतं, पण आयुष्यभर "घटकाभर बसा हो" म्हणताना आपण पाहुण्याला चोवीस मिनिटं देतोय हे कधी डोक्यात आलं नाही. तो बिचारा दीड तास बसायचा. घटकेची साठ पळं, तेव्हा पळ म्हणजे चोवीस सेकंद. हे कळल्यापासून मला खूळच लागलं. ओटीपी पुन्हा मागवायला तीस सेकंद थांबा म्हणतात, म्हणजे एक पळ आणि वर सहा सेकंद. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते, म्हणजे पंचवीस पळांत, अर्ध्या घटकेच्याही आत. पूर्वी तेवढ्या वेळात आम्ही पिशवी शोधायचो. मुलगा ऑफिसचं काम करताना पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावतो, मग पाच मिनिटं उठतो. ती म्हणे इटलीतल्या कुणाची युक्ती, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून तिला टोमॅटोचंच नाव पडलंय. मी म्हटलं, आपल्या घटकेत एक मिनिट घालून टोमॅटो विकलाय. त्याने कानातलं काढलं नाही, त्यामुळे हा विनोद वाया गेला.

वेळ मोजायची सवय माझी जुनी. १९७६ साली मी डाक-तार खात्यात लागले, ट्रंक एक्सचेंजला. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, दिवा लागला की कॉर्ड खोचायची. लोकांचं बोलणं तीन-तीन मिनिटांनी मोजायचं आणि मध्ये तोंड घालून सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" कुणी रडत असलं तरी सांगायचं. कानपूर-लखनौ दरम्यान १९६० मध्येच एसटीडी सुरू झाली होती, पण ती देशभर झिरपेपर्यंत बऱ्याच गावांना आमचाच आधार. ऑर्डिनरी कॉल लावून लोक तासन् तास वाट बघत. अर्जंट त्याच्यावर, लाइटनिंग सगळ्यात वर. लाइटनिंग कॉल बुक झाला की आमच्याही पोटात गोळा यायचा, कारण आनंदाची बातमी तेवढे पैसे घालून सहसा कुणी देत नसे.

मला आता पुष्कळदा सांगतात, तुमच्या काळी किती निवांत होतं. नव्हतं. कॉलची वाट बघणारी माणसं ध्यान लावून बसत नव्हती, ती शिव्या द्यायची, आणि त्या मी ऐकलेल्या आहेत. लेक मेलबर्नला आहे. तिचा चेहरा रोज सकाळी ताटाशेजारी दिसतो, तो मी कुठल्याही घंगाळासाठी सोडणार नाही. भाजीवालीला फोनवरून बेचाळीस रुपये देते, सुट्ट्यांवरून होणारी भांडणं मिटली. फक्त एक झालं. तेव्हा वाट बघणं फुकट आणि न मागता मिळायचं. कॉल लागेपर्यंत बाई वाती वळायची, कुणी नुसतं खिडकीतून कावळे बघायचं. बघण्याखेरीज इलाजच नसायचा. आता मधली सगळी फट बुजवून टाकलीय. लिफ्ट येईपर्यंतसुद्धा मी फोन काढते, आणि आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो.

तेव्हा म्हटलं, बसू या वाटीपुढे. घंगाळ कुठलं असणार, स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि वाटी सोडली. जुनी खोड, फोनवर वेळही लावली. वीस मिनिटं झाली, तीस झाली, वाटी आपली डौलात. एक्केचाळीस मिनिटांनी बुडाली. म्हणजे हिशेबाने माझा दिवस एक्केचाळीस तासांचा झाला, जो खरं तर मला हवाच होता. भोकात काहीतरी अडकलं होतं. लीलावतीची गोष्ट आठवली. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाची घटका मोजताना तिच्या दागिन्यातला मोती पात्रात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि बापाने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. 'लीलावती' ११५० सालची, ती खरीच, पण ही कथा पसरली कवी फैजीच्या फारसी भाषांतरातून, १५८७ च्या. ग्रंथाच्या जवळपास साडेचारशे वर्षांनंतर. ते काही असो, आमच्याकडे मोती नव्हता, पितांबरीची सुकलेली पूड होती. चिंच लावून घासलं, टाचणी घातली. टाचणी जरा जास्तच घातली असावी. आता ती तेवीस मिनिटांत बुडते. डागून भोक बारीक करून देणारा एक जण मंडईमागे आहे म्हणतात, पण मी गेले नाही. ज्या बाईने तीन मिनिटांवर चार सेकंद कुणाला दिले नाहीत, तिच्या घरची घटका एका मिनिटाने तोकडी आहे. चालतंय.

दिसतं काय त्यात? फार काही नाही. आधी वाटीच्या तळाशी भोकावर पाण्याचा एक टिपूसभर उंचवटा येतो, झऱ्याचं तोंड असावं तसा. तो सतत थरथरतो. मग तळ ओला होतो, पाणी कडेला सरकतं. पातेल्यात हळदीचा एक कण राहिला होता, तो आत आला आणि गोल गोल फिरत बसला. पुढची दहा-बारा मिनिटं तोच आमचा सिनेमा. अगदी शेवटी वाटीचा काठ पाण्याबरोबर येतो, पाणी काठाला टेकतं, फुगतं, पण आत येत नाही. एवढ्यात मी कधीकधी श्वास घ्यायला विसरते. मग डुब्. आणि तळाला टण्.

पहिल्या दिवशी नात शेजारी येऊन बसली. नऊ वर्षांची आहे. दोन मिनिटांत म्हणाली, "आजी, हे पुढे कसं ढकलायचं?" मी सांगायच्या आत तिने वाटीला वरून बोट लावलं. वाटी बुडाली. "झालं की," म्हणाली. मला हसू आवरेना. पण खरंच ते बटण होतं, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, हात मांडीखाली घालून बसली. माझ्यासारखंच करायचं म्हणून असेल, किंवा परीक्षेचा अभ्यास टाळायला असेल. हळदीच्या कणाला तिने नाव ठेवलं, ते मला सांगितलं नाही. बडबड हळूहळू कमी झाली. खालच्या गॅरेजमधला ठोका ऐकू यायला लागला, मग कुकर शेजाऱ्यांचा. आता परीक्षा संपली तरी येते. मी तिला किती वेळ झाला ते सांगत नाही, तीही विचारत नाही.

परवा वाटी काठोकाठ आली होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजायला लागला. मी हललेच. सवय. नातीने माझा पदर धरून ठेवला आणि स्वतः पळत जाऊन फोन उचलला.

"आजी बसलीय," ती म्हणाली. मग थोडं ऐकलं. "नाही, बरी आहे. नुसती बसलीय." पुन्हा ऐकलं. "नाही हो, झोपली नाही. वाटी बुडाली की करेल."