वॉट मोजावेत तर असे

वाशिम, कारंजा, रिसोड, कुठल्याही जुन्या माडीवर शोधा. कॉस्मिक किंवा सोनोडाइनची एखादी लाकडी स्पीकरजोडी धूळ खात सापडेल. पाठीवर साधं लिहिलेलं: ८ ओम, २० वॉट. नातवाला हसू येतं, कारण सोयाबीनचे पैसे हाती येताच घरात आलेल्या प्लास्टिकच्या डब्यावर ५००० वॉट पी.एम.पी.ओ. छापलंय. खरे ५००० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास २२ अँपिअर. डबा मात्र ६ अँपिअरच्या साध्या पिनेवर सुखाने नांदतो!

आजोबांच्या जोडीसाठी सगळे ‘छोटा अँप्लिफायर घ्या, धोका नको’ म्हणतात. तोच १० वॉटचा गरीब बिचारा वरातीच्या हौसेने शेवटपर्यंत पिळला, की लाटांचे शेंडे छाटले जातात आणि पहिला बळी जातो ट्विटरचा. त्यापेक्षा ८ ओमला चालणारा, ३० वॉटचा, बेताने फिरवलेला बरा.

आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. हे गणित डीजेवाल्याला सांगायला जाऊ नये. तो डेसिबल कुठे मोजतो? तो शेजाऱ्यांची थरथरणारी तावदानं मोजतो, तीही रात्री दहानंतर.