वरचे शंभर मिलिमीटर

जंगलात फोटो काढणाऱ्याचा फोटो बरा आला नाही, तर त्याची कारणं ठरलेली असतात. प्रकाश वाईट होता, गाइड नवखा होता, ड्रायव्हर धसमुसळा होता आणि लेन्सचा रीच कमी पडला. पहिल्या तिन्हींवर इलाज नाही. चौथ्यावर आहे, आणि तो हप्त्यांवर मिळतो.

माझ्याकडे निकॉनची २००-५०० लेन्स आहे. २०१५ साली आलेली, वजन सव्वादोन किलोंच्या वर. तिने मला खंड्या दिला, सासवडच्या माळावरचा भोवत्या दिला, भिगवणचे रोहित दिले. तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. २०२३ मध्ये १८०-६०० आली आणि तक्रार असायला हवी होती, हे माझ्या लक्षात आलं.

नवी लेन्स झूम करताना लांब होत नाही, वजनाला थोडी हलकी आहे, सगळं खरं. पण माझा जीव अडकला तो वरच्या शंभर मिलिमीटरमध्ये. म्हणून एका रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. तीस मीटरवरचा वेडा राघू ६०० मधून जेवढा दिसतो, तेवढाच तो ५०० मधून पंचवीस मीटरवरून दिसतो. म्हणजे दीड लाखाच्या पुढची ती रक्कम माझी पाच मीटर चाल वाचवणार. डॉक्टरांनी मला रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं आहे. (अभयारण्यात गाडीतून उतरता येत नाही, हे मान्य. पण माझे निम्मे वेडे राघू आमच्या सोसायटीमागच्या विजेच्या तारेवर बसतात. तिथे उतरायला कुणाची बंदी नाही.)

शिवाय ही लेन्स माझ्या जुन्या डीएसएलआरवर बसतच नाही. तिचा माउंट वेगळा. म्हणजे लेन्ससाठी बॉडी घेणं आलं. नालासाठी घोडा म्हणतात तो हाच. घोडा घ्यायचाच तर फुल फ्रेम घ्यावा, असं मी ठरवलं आणि तिथे गणिताने मला गाठलं. माझी सध्याची बॉडी क्रॉप सेन्सरची. तिच्यावर ५०० लावली की चित्राची चौकट ७५० ची मिळते. फुल फ्रेमवर ६०० लावली की ती ६०० चीच राहते. घरातली दोन्ही खाती रिकामी करून मी पक्ष्यापासून लांब जाणार होतो.

क्रॉप सेन्सरची नवी बॉडीही मिळते, आणि स्वस्तात मिळते. पण ती गळ्यात अडकवून ताडोबाच्या मोहर्ली गेटवर उभं राहायचं म्हणजे...

हे गेट पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. पहाटे चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांचं नाव विचारत नाहीत, आधी नजर लेन्सवर जाते. त्यातही पांढऱ्या लेन्सवाल्यांचा थाट निराळा. कॅननने मोठ्या लेन्स पांढऱ्या केल्या त्या उन्हात आतली भिंगं तापू नयेत म्हणून. त्यात फ्लोराइटचं भिंग असतं आणि ते उष्णतेने चटकन प्रसरण पावतं. कारण शुद्ध भौतिकशास्त्राचं. पण टपरीवर त्याचा अर्थ सामाजिक होतो. पांढरी लेन्स आली की आम्ही काळेवाले नकळत अर्धं पाऊल मागे सरतो आणि तिच्या मालकाला चहा आधी मिळतो. गंमत पुढे आहे. इतकी पांढरी लेन्स घेतल्यावर माणूस तिला पानापानांच्या नक्षीचं रबरी कव्हर चढवतो, वाघाला दिसू नये म्हणून. कव्हरांच्या सांध्यात बोटभर पांढरं मात्र हटकून उघडं राहतं, गेटवरच्यांना दिसावं म्हणून. मग तशाच नक्षीचा शर्ट, तशीच टोपी, तशीच पाण्याची बाटलीसुद्धा. खरं तर चितळाच्या डोळ्यांना तांबडा वेगळा कळत नाही, म्हणून वाघाचा भडक केशरी अंगरखा त्याला गवताच्याच रंगाचा दिसतो. वाघ केशरी राहून लपतो, आणि आम्ही हिरव्या कपड्यांत, घरघरणाऱ्या उघड्या जिप्सीत, डब्यातल्या ठेपल्यांच्या वासासकट लपून बसलेलो असतो. त्या जिप्सी जिला जन्मापासून पाठ आहेत, त्या वाघिणीपासून!

एक गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. लांबून दिसावं, आपण गेल्याने जनावराला काही फरक पडू नये, म्हणून ही भिंगं. मग हातात ६०० असलेलाच माणूस ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून 'दादा, अजून थोडी पुढे घ्या ना' असं का म्हणतो? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्स्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती गाइड आणि ड्रायव्हरांवर, म्हणजे ज्यांची चूल आमच्या बक्षिशीवर पेटते त्यांच्यावर. 'पुढे घ्या' म्हणणारे आपापल्या गावी पोचून फोटो क्रॉप करत बसले असतील. भिगवणलाही तेच. पंखांखालचा गुलाबी रंग उडतानाच दिसतो, म्हणून चिखलात चोच उलटी घालून निवांत चरणारा रोहितांचा थवा उठवायला लावतात आणि वर नावाड्याला नावं ठेवतात. त्याला ही सवय लावली कोणी?

असो. घरात विषय काढला तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "अहो, हार्ड डिस्कवर आहेत त्यातला एक तरी फोटो फ्रेम करून लावा, मग घ्या नवीन." मी त्या रात्री फोटो चाळायला बसलो. वेड्या राघूचे बरेच चांगले निघाले. त्यातल्या कुठल्याच फोटोत रीच कमी पडलेला नव्हता. पडली होती ती पहाटे उठण्याची हौस, कारण सगळे साडेनऊनंतरच्या पांढऱ्याफटक उन्हातले होते. हे मी तिला सांगितलं नाही. फ्रेमवाल्याचा दर जास्त आहे, एवढंच सांगितलं.

तूर्त निर्णय मेपर्यंत पुढे ढकलला आहे. मे महिन्यात ताडोबात ऊन चढलं की जमिनीलगतची हवा अशी थरथरते की लांबचा वाघ ५०० मधून काय, ६०० मधून काय, सारखाच वितळलेला येतो. टपरीवरच्या पांढऱ्या लेन्सवाल्याचाही तसाच येतो. त्याच्या शेजारची सीट मिळते का, ते बुकिंग सुरू झालं की बघणार आहे.