आठ नंबरचं थिएटर

वहिनी, ओ वहिनी! या जरा कुंपणाशी. हा घ्या कढीपत्ता. उद्याच ना भाऊजींचा मोतीबिंदू? मग आता सांगते ते त्यांच्या कानावर घालू नका हं.

रात्री दोनपर्यंत जागले मी. रॉबिन कुकचं ‘कोमा’ वाचत होते. जुनंच, १९७७ चं. पण एकदा हातात धरलं की दूध उतू गेलं तरी कळत नाही. गेलंच काल अर्धा लिटर. आणि गंमत म्हणजे हा बाबाही डोळ्यांचाच डॉक्टर! कोलंबियात शिकलेला, मग हार्वर्डला.

छे हो, पहिल्याच फटक्यात कुठलं नाव! आधी नौदलात होता, पाणबुडीवर. तिथं पाण्याखाली बसून यानं इंटर्न डॉक्टरांचे हाल लिहिले. अगदी खरंखुरं. १९७२ ला पुस्तक आलं, कुणी हुंगलंसुद्धा नाही. मी असते तर रुसून बसले असते. यानं खपणारी पुस्तकं ढिगानं वाचली, लेखक वाचकाला कुठं कसा खेळवतो ते कार्डांवर टिपून ठेवलं आणि त्या सगळ्या युक्त्या ‘कोमा’त वापरल्या. केसपेपरच केले म्हणा ना!

गोष्ट? बॉस्टनचं मोठं इस्पितळ. किरकोळ ऑपरेशनला आलेली धडधाकट माणसं भुलीतून उठतच नाहीत. सगळी आठ नंबरच्या थिएटरातली! एक शिकाऊ पोरगी खोदायला लागते, तर प्राणवायूच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड. कशासाठी, तर अवयव विकायला. अगं बाई, शेवटच सांगून बसले की!

लगेच १९७८ ला सिनेमाही आला. दिग्दर्शक मायकेल क्रायटन, ‘ज्युरासिक पार्क’वाला. तोही डॉक्टरीची पदवी घेतलेला, पण प्रॅक्टिस न केलेला. माझ्या मते क्रायटन जास्त हुशार, पण झोप उडवावी ती कुकनंच. डायनासोर काही आपल्या गल्लीत येत नाही. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही मात्र घरटी एकानं केलेली असते. आणि दिल्लीसुद्धा सोडली नाही हो कुकनं! ‘फॉरेन बॉडी’त स्वस्तात ऑपरेशन करून घ्यायला आलेले अमेरिकन तिथं दगावतात.

अहो, तोंड का उतरलं? मोतीबिंदूला हल्ली पुरती भूल देतंय कोण! बहुतेकदा थेंब टाकूनच भागतं. भाऊजी गप्पा मारत घरी येतील.

पुस्तक? देते की, पण परवा. आणि मागच्या वर्षी नेलेला दिवाळी अंक तेवढा पाठवा बाई, कोडं सोडवायचं राहिलंय माझं.