काना सुटा धरायचा

तुमच्या सोसायटीतही असतील. आमच्याकडे उलटेकाका आहेत. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायला कोणी थांबत नाही, कारण थांबलात की अडकलात. परवा लिफ्टमध्ये आमच्या हिला त्यांनी विचारलं, "नवरा कुठाय?" तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "वानर! न, व, र आणि एक काना. काना सुटा धरायचा!"

हा नियम त्यांचा स्वतःचा. स्क्रॅबलवाल्या इंग्रजांना सगळी अक्षरं सुटी आणि आपल्याला मात्र काना-वेलांटी चिकटलेली, हा अन्याय त्यांना मंजूर नाही. त्यामुळे चहा पुढे केला की 'हाच', नवा सदरा दिसला की 'दसरा', आणि कोपऱ्यावरचे कवी भेटले की, "कविता? विकता का?" कवी आता पलीकडच्या फुटपाथने जातात. मीही जिनाच वापरतो. निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आले, तेव्हा काकांनी त्यांच्याच पत्रकामागे 'सभा' लिहून पुढे केलं. "जुळवा. काना सुटा धरा." साहेबांना काही जुळेना. शेवटी काकांनीच 'भास' सांगितलं. बरोबरचा कार्यकर्ता खो-खो हसला. पुढच्या मजल्यावर तो दिसला नाही.

उत्तर चुकलं तरी हार नाही. मग केप्लर येतो. शनी तीन गोळ्यांचा दिसतो, हा शोध गॅलिलिओने १६१० साली ३७ अक्षरं विस्कटून कळवला. केप्लरने ती जुळवली आणि अर्थ काढला, मंगळाला दोन चंद्र आहेत! साफ चूक. "पण १८७७ मध्ये सापडलेच ना दोन?" काका असे विचारतात, जणू दुर्बीण यांनीच धरली होती. वाल्या कोळीही त्यांच्याच गोटातला. 'मरा मरा'चं 'राम' झालं, ते म्हणे काना सुटा होता म्हणून.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट नाइलाजाने सांगावी लागते. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा अक्षरं उलटसुलट लिहितो. 'नाक'च्या जागी 'कान' लिहिलं म्हणून शाळेत लाल रेघ मिळाली आणि घरी धपाटा. काकांनी वही मागून घेतली आणि लाल रेघेखाली लिहिलं, "छान. आता तिसरा शोध." दिवेलागणीला पोरगं धापा टाकत वर गेलं, 'नका' घेऊन. तेव्हापासून रोज बैठक. मास्तरांच्या रेघाही थोड्या कमी झाल्यात म्हणतात. मला खात्री नाही, पण पोरगं वही लपवत नाही हे मी पाहिलंय.

मागच्या आठवड्यात काकांनी 'राग' दिला. त्याने 'गार' सांगितलं आणि वर 'गरा'ही ठेवून दिला. काकांना गरा सुचलाच नव्हता. "फणसातली वस्तू चालत नाही," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी दार लावून घेतलं. दोघांचा अबोला. शेवटी तंटा माझ्याकडे आला. मी पोराच्या बाजूने निकाल दिला, तर काकांनी लगेच केप्लर काढला.