खोलीतला बागायतदार

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात सोयाबीनचा भाव पडला की दोन गोष्टी हमखास उगवतात : रस्त्यावर मोर्चा आणि पानटपरीवर गांजाचा हिशेब. हा हिशेब मांडणारा माणूस लगेच ओळखू येतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, बीए झालेला, मोबाइलवर कॅल्क्युलेटर कायम उघडा आणि पाच-सात एकर तूर-सोयाबीन वडिलांच्या नावावर. चिलमीला त्यानं जन्मात हात लावलेला नसतो. आरतीच्या कापरानंही त्याला ठसका लागतो. त्याला नशा येते ती गुणाकाराची. “सोयाबीनले काय भाव हाय? अन् गांजाले काय भाव हाय? सांगा बरं!” एवढं विचारून तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहतो. सगळे गप्प. पहिलं उत्तर प्रत्येकाला तोंडपाठ असतं, आणि दुसरं येत असलं तरी चारचौघांत कोण सांगणार? ही शांतता म्हणजे ठराव पास झाला, असं तो धरून चालतो.

याला गंजेडी म्हणणं चूक, गुन्हेगार म्हणणं त्याहून चूक. हा भावावर श्रद्धा असलेला माणूस आहे. सफेद मुसळीच्या लाटेत, एमूच्या लाटेत, कडकनाथच्या लाटेत अशाच माणसांनी वह्या भरल्या. आता वाशीम जिल्ह्यात चियाचं पीक आलं आहे, त्याचंही एक पान त्याच्या वहीत सापडेल. गांजाच्या पानाचा फरक एवढाच की याचा भाव कुठल्याही बाजार समितीच्या फलकावर लागत नाही. मग तो येतो कुठून? वर्तमानपत्रातून. तुरीच्या किंवा हळदीच्या ओळींत लावलेली झाडं पोलीस उपटतात, पंचनामा होतो आणि बातमीत ‘इतक्या लाखांचा माल जप्त’ असं छापून येतं. त्या लाखांना किलोनं भागून आमचा गडी भाव काढतो. झाडं बहुधा ओलीच, देठ-खोडासकट काट्यावर चढलेली असतात, ही बाब त्याच्या भागाकारात येत नाही. पोलिसांनी ठरवलेल्या भावावर पिकाचं नियोजन करणारा शेतकरी जगात दुसरीकडे असेल असं वाटत नाही.

शेतात लावलं तर दिसतं, म्हणून तो घरातल्या खोलीवर येतो, आणि इथून पुढे त्याची प्रतिभा खरी बहरते. छपराखालची ही शेती मुळात ज्यांच्याकडे ऊन कमी किंवा डोक्यावर पाळत जास्त, त्यांची. कॅलिफोर्नियात १९८३ पासून सरकारनं हेलिकॉप्टरं फिरवून झाडं शोधायला सुरुवात केली, तेव्हा तिथले बरेच बागायतदार दिवे लावून घरात बसले. रिठदला उन्हाची टंचाई नाही. मे महिन्यात तर फुकट देऊनही कुणी घेत नाही. अशा गावात खिडकीला गोणपाट लावून ऊन बाहेर ठेवायचं आणि आत विजेचं ऊन विकत आणायचं, याला तो ‘लो बजेट’ म्हणतो. बजेट लो कसं? थर्माकोल लग्नाच्या मखराचं, पंखा जुन्या कूलरचा आणि वीज आकड्यावरची. म्हणजे एकाच खोलीत अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ आणि वीज कायदा २००३ असे दोन कायदे शेजारी शेजारी मोडायची सोय. त्यातून डीपी जळाली की ती बदलून येईपर्यंत झाडांनी काय करायचं, याचं उत्तर त्याच्या वहीत नाही. आणि वास? कोणाकडे आज बोंबील भाजले हे ज्या गल्लीला तीन घरं पलीकडे कळतं, तिथे हा कारखाना गुपित राहील असं फक्त त्यालाच वाटतं. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कायदा कुंडी आणि शेत असा भेद करत नाही. शिवाय जाणूनबुजून जागा वापरू देणाराही त्यात अडकतो, आणि घराचा नमुना आठ असतो वडिलांच्या नावावर.

इथे तो उसळून म्हणतो की म्हणूनच परवानगी मागतो आहोत. मागणी झालेलीही आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला : दोन एकरांत गांजा लावू द्या, १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून १६ तारखेला लागवड करीन, आणि गुन्हा दाखल झाला तर जबाबदार प्रशासन. कोणत्याच पिकाला भाव नाही, हे सांगायला यापेक्षा चोख अर्ज लिहिता येणार नाही. उपरोध म्हणून तो पहिल्या नंबरचा आहे. आमच्या हिशेबनीसानं मात्र तो योजनेचं माहितीपत्रक म्हणून वाचला. उत्तराखंडानं २०१८ पासून परवाने दिले हा त्याचा हुकमाचा एक्का, पण ते धाग्या-बियांच्या भांगेसाठी, नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ ला बंदी उठवली, घरटी चार झाडंही लावू दिली. पुढे माल इतका झाला की भाव घसरले आणि कंपन्यांना न खपलेला साठा नष्ट करावा लागला. थायलंडनं २०२२ मध्ये मोकळीक दिली, दुकानांचं पीक आलं, भाव कोसळले, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी आली. आपल्याकडेही इंग्रजी अमलात सातपुड्यापलीकडे खंडव्याला परवान्यानं गांजा पिकायचा. माल सरकारी गोदामात, कर सरकारी तिजोरीत. गांजा महाग आहे तो बंदीमुळे. तुरुंगाची जोखीम भावात धरलेली असते. बंदी उठवा म्हणणारा माणूस ज्या भावासाठी हे म्हणतो, तो भाव बंदीबरोबरच उठतो, आणि मग वाशीमच्या बाजारात सोयाबीनच्या ढिगाशेजारी दुसरा ढीग लागतो. अडते तेच, ओलावा मोजायचं यंत्रही तेच.

गरिबाची थट्टा करता, असा आक्षेप येईल, आणि तो अर्धा खरा आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर चार हजारांच्या आसपास रेंगाळले. बियाणं, फवारणी, मळणी वजा करून या आकड्याकडे पाहणाऱ्याला कॅल्क्युलेटर काढावासा वाटला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पण दोन पोती विकायला बाजारात थांबलेले त्याचे वडील हेच गणित बोटांवर करतात, आणि उत्तर आलं की तसेच पेरणीला जातात. मुलगा उत्तर आवडलं नाही की पीक बदलून पुन्हा गुणाकार करतो. सध्या त्याचं केशराचं चाललं आहे : काश्मीरचे कंद आणायचे, खोली तीच, दिवे तेच, आणि कायद्याची भीती नाही. अडचण एकच. केशराचा पंचनामा होत नाही, त्यामुळे भाव कुठून काढायचा ते अजून ठरायचं आहे.