तीस आयांना विचारलं होतं म्हणे!

अहो वहिनी, जरा इकडे या ना कुंपणाशी. ऐकलंत का? ते ‘अ‍ॅलिस’वाले कॅरल हो, ऑक्सफर्डला गणित शिकवायचे ते... त्यांनी दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी चक्क तीसेक आयांना पत्रं धाडली होती. सोबत एकेक चित्र. कुठलं म्हणून काय विचारता, तोच तो जॅबरवॉक, त्यातल्या कवितेतला राक्षस!

टेनिएलसाहेबांनी काढलेला. वटवाघळाचे पंख, ही एवढी लांब मान, बोटांना नख्या, आणि अंगात काय? वेस्टकोट! वर बटणंसुद्धा लावलेली. समोर ते एवढंसं पोर, हातात तलवार घेऊन, पाठमोरं. मला तर तो वेस्टकोट बघितला की हसूच फुटतं. पण कॅरलच्या कानात कोणीतरी घातलं की हे ध्यान फार भयंकर आहे, हळवी पोरं दचकतील. आणि चित्र जाणार कुठे होतं? पुस्तक उघडलं की पहिलंच! झालं, माणूस धास्तावला. स्वतःचं लग्न नाही, मूलबाळ नाही, मग विचारणार कोणाला? आयांना. पुढे ठेवू, की आत त्या कवितेपाशी नेऊ, की काढूनच टाकू? वर अशीही विनंती, की घरच्या पोरांना दाखवा आणि मग कळवा. शिवाय हळूच हेही सुचवलेलं, की चित्रावर मेहनत फार झालीय हो, काढून टाकायचं जिवावर येईल...

म्हणजे सल्ला विचारायचा आणि हवं ते उत्तरही आधीच सांगून ठेवायचं. आमच्याकडे साडी घेताना ‘हे’ करतात ना, अगदी तस्सं.

शेवटी पुढे आला तो घोड्यावरचा बिचारा पांढरा सरदार, आणि जॅबरवॉक गेला आत, कवितेपाशी. आमची नात तर पुस्तक हातात घेतलं की थेट तेच पान उघडते. सरदाराकडे ढुंकून बघत नाही! तिच्या आईने एकदा नुसतं म्हटलं, अगं, रात्री कशाला ते? तर पोरीचं तोंड एवढंसं झालं. आता दुपारी बघते. रात्रीही बघते, पण पांघरुणात.

तर काय सांगत होते... हां, टेनिएल! हे टेनिएल म्हणजे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे मोठे कार्टूनिस्ट, पुढे ‘सर’ झाले १८९३ साली. एका डोळ्याने अधू, बरं का. तरुणपणी वडिलांबरोबर तलवारबाजी करताना इजा झाली, हळूहळू त्या डोळ्याची नजर गेली, पण वडिलांना ताकास तूर लागू दिली नाही. किती गुणी मुलगा, म्हणाल. थांबा. कॅरलच्या बाबतीत एवढं मन कुठलं राखायला?

१८६५ची गोष्ट ऐका. पहिल्या पुस्तकाच्या २००० प्रती ऑक्सफर्डला छापून झालेल्या. खर्च सगळा कॅरलचा, टेनिएलना चित्रांचे १३८ पौंडही त्यांनीच मोजले. आनंदाच्या भरात ओळखीपाळखीत प्रती वाटूनही मोकळे. आणि जुलैमध्ये टेनिएलनी नाक मुरडलं. माझ्या चित्रांची छपाई मला मुळीच पसंत नाही! एकेक रेघ लाकडात कोरून घेतलेली हो, डॅल्झिएल बंधूंकडून... वाईट छापल्यावर जीव जळणारच म्हणा. पण कॅरलचा चेहरा कसा पडला असेल! दिलेली भेट परत मागायची म्हणजे काय शोभा? तरी मागितली. परत आलेल्या प्रती इस्पितळातल्या पोरांना धाडल्या, आणि पुन्हा पदरमोड करून लंडनला सगळं नव्याने छापलं. ते बाजारात आलं नोव्हेंबरात, वर साल मात्र १८६६चं.

आणि नापसंत छपाईचं काय झालं? अमेरिकेला विकली! न्यूयॉर्कच्या अ‍ॅपलटनने घेतली. आपल्याकडे नको झालेलं तिकडे चालतं, हा हिशोब तेव्हापासूनचा. पुढे लहानग्यांसाठी रंगीत ‘नर्सरी अ‍ॅलिस’ काढली ना, तिच्या दहा हजार प्रती कॅरलनी स्वतःच नाकारल्या, रंग फार भडक म्हणून. त्याही अमेरिकेला दाखवल्या. तर तिकडचे म्हणे, छे, पुरेशा भडक नाहीत!

लोकांना पुस्तक आवडलं का म्हणता? ‘अथेनियम’ नावाच्या भारदस्त साप्ताहिकाने लिहिलं, गोष्ट ओढूनताणून रचलीय, पोरं रमण्याऐवजी गोंधळतील. आणि त्याआधी मॅकडोनल्डांच्या घरी काय झालेलं? ते पण गोष्टी लिहायचे, जॉर्ज मॅकडोनल्ड. कॅरलनी हस्तलिखित त्यांच्याकडे दिलं, बाईंनी मुलांना वाचून दाखवलं, आणि त्यांचा पोरगा ग्रेव्हिल म्हणाला की याच्या साठ हजार प्रती निघायला हव्यात! आता तुम्हीच सांगा, समीक्षक कोणाला म्हणायचं?

हस्तलिखितातली चित्रं तर कॅरलनी स्वतःच्या हाताने काढलेली. वेडीवाकडी आहेत, पण मला आवडतात. ती वही त्यांनी कॉलेजच्या डीनसाहेबांच्या लेकीला, अ‍ॅलिसला भेट दिली, १८६४च्या नोव्हेंबरात. होडीत बसून जिला गोष्ट सांगितली तीच ही. तिचे केस काळे, आखूड, कपाळावर झुलपं. आणि टेनिएलची अ‍ॅलिस बघा, फिक्या लांब केसांची दुसरीच कुणीतरी! म्हणजे गोष्ट हिची, तोंडवळा भलतीचा. त्या घराशी कॅरलचं मध्येच काहीतरी बिनसलं होतं, डायरीचं एक पानही कापलेलं आहे... जाऊ दे, पोरं ऐकतायत. अ‍ॅलिसबाईंनी म्हातारपणी, १९२८ साली, वही लिलावात काढली. १५,४०० पौंड आले!

तर काय सांगत होते, दुसरं पुस्तक. टेनिएलनी आधी सरळ नाहीच म्हटलं. कॅरल बिचारे दुसऱ्या चित्रकारांची दारं ठोठावून आले. शेवटी हे तयार झाले, पण कसे? त्यातला केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचा भाग मला बिलकुल भावत नाही, याचं चित्र होणार नाही, असं लिहून मोकळे. एवढ्यावर भागलं? आगगाडीत अ‍ॅलिस घाबरून म्हातारीचे केस धरते त्यापेक्षा बोकडाची दाढी धरू दे, हेही यांनीच सुचवलं. आणि लेखकाने दोन्ही ऐकलं! गांधीलमाशी कापली, ती १९७४मध्ये तिची प्रुफं लिलावात निघाली त्यानंतर कुठे लोकांना वाचायला मिळाली. माझं मत विचाराल तर टेनिएलचं बरोबर होतं. दाढीचं तर शंभर टक्के. पण कोणी माझ्या लिहिण्यात असा हात घातला असता ना...

कॅरलही काही कमी नव्हते हं. पुढे हॅरी फर्निस नावाचा चित्रकार त्यांच्या पुस्तकाची चित्रं करायला निघाला, तेव्हा टेनिएलनी त्याला बजावलं म्हणे, अरे, आठवडाभर टिकलास तरी खूप. फर्निसने स्वतःच लिहून ठेवलंय.

आणि समोरचे काका! परवा जिन्यात भेटले, म्हणाले, व्हिक्टोरिया राणीला ‘अ‍ॅलिस’ इतकं आवडलं की पुढचं पुस्तक मला धाडा म्हणाली, आणि कॅरलनी धाडलं गणिताचं! मी म्हटलं, काका, कॅरलनी स्वतः छापून कळवलंय हो, असलं काही घडलेलं नाही. चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. दोन पायऱ्या खाली गेले, थांबले, वळले, आणि म्हणतात कसे, “मग ते राणीला पाठवायला हवं होतं त्यांनी!”